निवू न दिलेली ज्वारी

होळी झाली की आमच्या इमारतीच्या गच्चीवर कुणाचं ना कुणाचं धान्य वाळत पडतं. आता फारसं नाही. चौदा घरांपैकी दोन-तीन घरं अजून वर्षाचं भरतात, बाकीच्यांचं किलोकिलोनं येतं. पण त्या दोन-तीन घरांच्या ज्वारीचा वास जिन्यातून खाली उतरला की मला खुर्चीत बसवत नाही. मी गुडघे धरत वर जाते, चादरीवरची मूठभर ज्वारी उचलते आणि गालाला लावून बघते. चांगली तापलेली असते. "आत्ताच भरू नका गं," मी सांगते. "सावलीत घ्या, निवू द्या, मग भरा." त्या बायका एकमेकींकडे बघून हसतात. माझ्या पाठीमागे मला 'निवूद्या काकू' म्हणतात हे मला ठाऊक आहे.

म्हणोत बापड्या. हे वाक्य मला एका बाईनं शिकवलं होतं, आणि एकाच वर्षी मी ते ऐकलं नाही. तेव्हापासून फाल्गुन-चैत्र आला, ऊन पांढरं व्हायला लागलं, की दुपारी मला तिची हाक ऐकू येते. "बाई, हाय का घरात?" मी तिसऱ्या मजल्यावर राहते. इथं कुणी हाक मारत नाही, बेल वाजवतात. तरी मी उठते, दार उघडते, आणि समोर लिफ्टचं बंद दार असतं.

माझी सून मेघा फोनवर बोट फिरवते आणि चहा उकळायच्या आत कोथिंबीर दारात येते. मला त्याचा राग नाही. तिला नोकरी आहे, वेळ नाही. पण ती कोथिंबिरीच्या काड्या बाजूला सारते आणि मी त्या मागून हळूच उचलते. "आई, कचऱ्यातून काय काढता हो?" ती कळवळून म्हणते. "कचऱ्यात गेल्या नव्हत्या, वाटेत होत्या," मी म्हणते आणि खोबऱ्याबरोबर वाटून आमटीत घालते. ती आमटी सगळे दोनदा वाढून घेतात आणि काड्यांचं नाव कुणी काढत नाही.

ही खोड आजची नाही. लग्न होऊन आले तेव्हा ह्यांचा पगार कारकुनाचा आणि घर पडेगावात. तेव्हाचं पडेगाव म्हणजे शहर नव्हतंच. छावणी मागे टाकली की दौलताबादच्या रस्त्याला थोडी घरं, मग माळ, एक नाला आणि लांबवर किल्ल्याचा डोंगर. भाडं कमी म्हणून ह्यांनी इथं दोन खोल्या घेतल्या आणि रोज सायकल मारत कचेरी गाठली. ह्यांचे वाडवडील पूजा सांगून पोट भरणारे, माझे वडील वैजापूरच्या बाजार आवारात लिखापढीला. दोन्हीकडे शेत नाही. जे खायचं ते विकतचं, आणि वाचवायचं तर ताटातूनच वाचवायचं.

मी वाचवत होते. आणि कशी वाचवत होते! छावणीच्या आठवडी बाजाराला मी सकाळी कधी गेले नाही. ऊन कललं, माळिणी टोपल्या उचलायला लागल्या की जायचं, तेव्हा ढिगाचा भाव निम्म्यावर येतो. दोडका आणला तर त्याच्या शिरांची तीळ घालून चटणी. डाळ शिजली की वरच्या पाण्याची कटाची आमटी आणि खालच्या डाळीचं वरण, म्हणजे एका डाळीत दोन कालवणं. हिवाळ्यात हरभऱ्याचा कोवळा पाला स्वस्तात घ्यायचा, सावलीत वाळवून ठेवायचा आणि उन्हाळ्यात भाजी महागली की पीठ लावून शिजवायचा. शिळ्या भाकरीचा कुस्करा फोडणीला टाकताना मी त्यात एवढा जीव ओतायची की हे मुद्दाम दोन भाकरी जास्त करायला सांगत. कोंड्याचा मांडा करणं म्हणतात ते मला अक्षरशः येत होतं.

आणि सगळ्यात वर मूठ. भाकरीचं पीठ परातीत घेतलं की त्यातलीच एक मूठ परत उचलून वेगळ्या डब्यात टाकायची. ती कुणाला कमी पडत नाही. महिना सरताना त्या डब्यावर चार दिवस निघतात. "दात कोरून पोट भरत नाही," हे चिडवायचे. "थेंबे थेंबे तळे साचे," मी डब्यावर झाकण लावत म्हणायची. खरं सांगायचं तर मला त्यात काटकसरीपेक्षा मजा जास्त येत होती. डबा भरत आलेला दिसला की जेवल्यासारखं वाटायचं. ही चटक होती, आणि चटक चांगल्या गोष्टीची असली तरी वाईटच, हे मला फार उशिरा कळलं.

आमच्याकडे एक रीत आहे, अजून पुष्कळ घरांत असेल. घरातलं धान्य 'संपलं' असं म्हणायचं नाही. मीठ, तांदूळ, ज्वारी, कुंकू, यांच्याजवळ तो शब्द न्यायचाच नाही. 'भरायचंय' म्हणायचं. धान्य मापून घेतानाही पहिल्या मापाला 'एक' म्हणत नाहीत, 'लाभ' म्हणतात. लाभ, दोन, तीन. लहानपणी मी वडिलांबरोबर बाजार आवारात जायची तेव्हा मापाड्यांचा तो सूर दिवसभर कानात राहायचा.

धुरपदाबाई मोजतानाही तसंच म्हणायची.

ती धनगराची. देवगाव रंगारीकडची. संक्रांतीच्या पुढेमागे त्यांची मेंढरं आमच्या मागच्या माळावर मुक्कामाला यायची. आसपासचे शेतकरी खतासाठी रानात मेंढ्या बसवून घेत आणि बदल्यात दाणे देत. धुरपदाबाई उंच, कपाळावर गोंदण, आवाज असा की माळावरून हाक मारली तर माझ्या चुलीपाशी ऐकू यावी. आमची ओळख झाली ती माझ्या विनूमुळे. तो चार महिन्यांचा असताना मला कावीळ झाली आणि अंगावरचं दूध आटलं. वरचं दूध त्याला पचेना. पोर सुकत चाललं. एके सकाळी ही बाई दारात उभी राहिली आणि त्याला बघून म्हणाली, "आगं, ह्येला शेळीचं पाज. मी आन्ती."

दोन हिवाळे तिच्या शेळीच्या दुधावर माझा विनू वाढला. मधल्या दिवसांत ती लांब निघून जायची तर जाताना एक दुभती शेळीच माझ्याकडे बांधून गेली. पैसे घेतले नाहीत. "पैका काय चावायचाय? ज्वारी दे," म्हणायची. मग मी शेराचं माप भरायची आणि ती पदर पसरून म्हणायची, "लाभ." मी कंजूष खरी, पण तिचं माप मी कधी हातानं सपाट केलं नाही. शिगोशीग द्यायची.

धान्य राखायचं तिनंच मला शिकवलं. तळाला कडुलिंबाचा पाला, दाण्यात चाळलेली राख, आणि वर्षातून एकदा उन्हं दाखवायची. "पर ऊन लागल्यावर लगीच कोंडू नगं," ती सांगायची. "तापल्याल्या दान्याला आत घाम येतो. सावलीला पसर, निवू दे, गालाला लावून बघ, गार लागला की मंग भर." आणि मग स्वतःच हसून, "मानूस तापला तरी त्याला लगीच घरात कोंडून चालतं व्हय?" तिचा नवरा तापट होता. त्याच्यावरून ती असं काहीबाही बोलायची.

बहात्तरच्या उन्हाळ्यात वडिलांनी वैजापुराहून दोन पोती ज्वारी पाठवली. "भाव चढतोय, भरून ठेव," असा निरोप होता. पांढरी, टपोरी, मोत्यासारखी. मी ती पत्र्याच्या कोठीत भरली. मग मृग कोरडा गेला, आर्द्रा कोरडी गेली, आणि पोळ्यापर्यंत माळ उन्हाळ्यासारखाच पिवळा राहिला. मी कोठीच्या झाकणाच्या कडा शेणमातीनं लिंपून टाकल्या आणि ठरवलं, या कोठीला हात लावायचा नाही.

रेशनवर लाल मिलो, म्हणजे परदेशातून आलेली ज्वारी, मिळायची. तिला वास यायचा, भाकरी थापली की कडा फाटायच्या, विनू घास तोंडातून परत हातावर काढायचा. ह्यांचं पोट दुखायचं. आणि आतल्या खोलीत, पडद्यामागे, दोन पोती पांढरी ज्वारी. एकदा ताटावर बसून हे म्हणाले, "अगं, उघड की ती."

"वाईट दिवस आले तर?"

"याहून वाईट कोणते यायचेत?"

"येतील," मी म्हणाले.

मला खरंच तसं वाटत होतं. भीती होती, आणि भीती खोटी नव्हती. रस्त्यानं रोज माणसं शहराकडे येत होती. डोक्यावर गाठोडी, मागे पोरं. दुष्काळी कामावर खडी फोडून हातांची सालं गेलेल्या बायका पाण्याच्या रांगेत दिसायच्या. विनूकडे बघितलं की मला ती कोठी आठवायची, आणि कोठी आहे म्हणून मला दुपारी डोळा लागायचा. पण आज मागे वळून बघते तेव्हा आणखी एक गोष्ट दिसते. मला ती भरलेली असण्याचं सुख सोडवत नव्हतं. मुठीच्या डब्याचं झालं होतं तेच कोठीचं झालं होतं.

त्या संक्रांतीला धुरपदाबाई आली नाही. माळावर कुणीच उतरलं नाही, मेंढरांना चरायला काडी नव्हती. मी मनात म्हटलं, गेली असेल गोदाकाठाला. बरं वाटलं की वाईट, ते आता नीट आठवत नाही. बहुतेक बरंच वाटलं असावं.

चैत्र आला. कोठी भरून वर्ष होत आलं होतं, ऊन दाखवायला हवं होतं. पण ऊन दाखवायचं म्हणजे अंगणात पसरायचं, आणि अंगणात पसरायचं म्हणजे शेजारणींच्या डोळ्यांसमोर. लाल मिलो खाणाऱ्या बायकांना माझी पांढरी ज्वारी दिसली असती. कुणी शेरभर मागितली असती. नाही म्हणता आलं नसतं. हे सगळं मी आठवडाभर घोळवलं आणि एक युक्ती काढली. हौदावर पाणी सुटलं की झाडून सगळ्या बायका तिकडे जात, रांगेत तासदोन तास मोडत. त्या दिवशी मी पाण्यालाच गेले नाही. "विनूला ताप आहे," म्हणून सांगितलं. विनू धडधाकट होता.

त्या गेल्या आणि मी लुगडी पसरून ज्वारी उन्हात टाकली. फरशी एवढी तापलेली की तळपाय उचलून धरावे लागत. मी दाणे वरखाली करत राहिले आणि कान रस्त्याकडे. पाहिजे तेवढा वेळ मिळाला नाही. लांबून घागरी एकमेकींवर आपटल्याचा आवाज आला, बायकांची बोलणी आली. त्या दिवशी पाणी लवकर बंद झालं असावं. मी घाबरले. सावलीत पसरायला, निवू द्यायला वेळ कुठला. सुपानं, टोपलीनं, हातानं, मिळेल तशी ज्वारी उचलून कोठीत लोटली. दाणे हाताला चटके देत होते. गालाला लावून बघायची गरजच नव्हती. झाकण दाबलं, कालवून ठेवलेली शेणमाती कडांना थापली. शेजारणी दारावरून गेल्या तेव्हा मी अंगण झाडत होते.

आणि त्यांच्या मागोमाग हाक आली.

"बाई, हाय का घरात?"

मी दारात गेले. धुरपदाबाई अर्धी झाली होती. आवाज तेवढा राहिला होता. मागे लिंबाच्या झाडाखाली तिची सून बसली होती, सतरा-अठराची पोर, पदराखाली तान्हं. ते रडत नव्हतं, हे माझ्या लक्षात आलं.

"मेंढरं कुठायत?" मी विचारलं.

"काही इकली, काही मेली. शेळ्या बी गेल्या." तिनं खांद्यावरची घोंगडी काढून उंबऱ्यावर ठेवली. "वैजापुराकडं कामाला चाल्लोय. पोरीच्या अंगावर दूध नाय उरलं. दोन पायल्या ज्वारी दे. पेज पाजती तिला. ही ठिवून घे, पुढल्या साली सोडवती."

दोन पायल्या. कोठीत खड्डासुद्धा पडला नसता. पण कोठी नुकती लिंपलेली होती. फोडली तर शेजारणी बघणार होत्या. आणि दोन पायल्या दिल्या की उद्या कुणी दुसरं येणार होतं. हे सगळं माझ्या डोक्यातून एका श्वासात गेलं. विनू माझा पदर धरून उभा होता. तिच्या शेळीच्या दुधावर वाढलेला विनू.

"संपली ज्वारी," मी म्हणाले.

तिनं माझ्याकडे बघितलं नाही. माझ्या हातांकडे बघितलं. मनगटापर्यंत ओली शेणमाती होती. ती कशाची असते हे तिला सांगायला नको होतं. लिंपायला तिनंच मला शिकवलं होतं.

तिला राग आला असता तर बरं झालं असतं. ती दोन पावलं पुढे आली आणि आवाज खाली करून, शेजारी ऐकू जाऊ नये अशा बेतानं म्हणाली, "असं म्हनू नगं, बाई. संपलं म्हनू नये घरातल्या दान्याला. लेकराचं घर हाय. नाय द्यायचं तर नाय म्हन. पर संपलं म्हनू नगं."

मग तिनं पाणी मागितलं. मी पाण्याला गेले नव्हते, घागरीत तळाला होतं तेवढं तांब्यात दिलं. तिनं तो तांब्या आधी सुनेला नेऊन दिला. पोरीनं दोन घोट घेतले, बोट बुडवून बाळाच्या ओठांना लावलं. उरलेलं धुरपदाबाई प्यायली. तांब्या पदरानं पुसून उंबऱ्यावर ठेवला, घोंगडी उचलली आणि दोघी रस्त्याला लागल्या. त्या क्षणी मला लाज वाटली नाही. सुटल्यासारखं वाटलं. ही गोष्ट मी ह्यांनाही कधी सांगितली नाही.

त्याच वर्षी मृगाला पाऊस आला, भरपूर आला. श्रावणात हे म्हणाले, "आता तरी उघड. सणाला पांढरी भाकरी खाऊ." मी सुरीनं लिंपण खरवडलं. झाकण निघालं आणि असा कुबट, आंबूस वास अंगावर आला की विनू खोलीतून पळाला. वरची ज्वारी ढेपेसारखी धरली होती. तिच्यावर पांढऱ्या बुरशीचे धागे. ह्यांनी ढेप फोडून आत हात घातला, तर आतली ज्वारी अजून ऊन लागत होती, आणि हात बाहेर काढला तेव्हा कोपरापर्यंत सोंडे चढलेले.

हे ओरडले नाहीत. हात झटकत म्हणाले, "गरम भरली होतीस?"

"हो."

"का?"

"बायका येत होत्या पाण्याहून."

मग खाली बसून, तळातले बरे दिसतील ते दाणे त्यांनी वेचले. शेरभर निघाले असतील. मी ते धुतले, वाळवले, दळले, भाकरी केली. कडू. ह्यांनी एक घास खाल्ला आणि ताट माझ्याकडे सरकवलं. "ही तू खा," म्हणाले. मी सबंध भाकरी खाल्ली. उरलेली ज्वारी मी टोपलीटोपलीनं नाल्यात नेऊन टाकली. नाल्याला तांबडं पाणी होतं. दोन पोती ज्वारी त्यावर तरंगत तरंगत गेली. बांधावर दोन पोरी गुरं राखत होत्या, त्या विचारत होत्या, "काय टाकती वो, काकू?" मी म्हणाले, कोंडा.

तो नाला आता आमच्या इमारतीखालून जातो. त्याच्यावर स्लॅब आहे, स्लॅबवर गाड्या लागतात. माळाचे प्लॉट पडले, प्लॉटवर बंगल्या आल्या, बंगल्या पाडून इमारती आल्या. आमच्या दोन खोल्यांच्या जागी हा तिसरा मजला. शहराचं नाव बदललं. हे गेले, त्यालाही बरीच वर्षं झाली. मधे कितीदा दुष्काळ आला. एका उन्हाळ्यात नळाला आठवडाभर पाणी नव्हतं, मेघा बाटल्या विकत आणत होती, आणि मी तापलेल्या गॅलरीत उभी राहून खालच्या टँकरकडे बघत होते, तर मागून अगदी कानाशी, "बाई, हाय का घरात?" मी एवढी दचकले की हातातला तांब्या खाली पडला. विनू धावत आला. पन्नाशीचा माणूस, केस पिकलेले. त्याच्याकडे बघितलं की मला पदराखालचं ते न रडणारं लेकरू आठवतं. त्यांच्यात दीड-दोन वर्षांचंच अंतर असेल. आज तेही पन्नाशीचं झालं असतं, असा हिशेब मी विनूच्या प्रत्येक वाढदिवसाला मनात करते आणि वरून त्याला ओवाळते.

धुरपदाबाई पुन्हा आली नाही. मी दर संक्रांतीला माळावर जायची, येणाऱ्या धनगरांना विचारायची. कुणी म्हणे, ते लोक नगरकडे गेले. कुणी म्हणे, माहीत नाही. माळ गेल्यावर मेंढरं मुक्कामाला थांबेनाशी झाली, पण रस्त्यानं जायची थांबली नाहीत. अजून जातात, मोटारींच्या मधून, शिट्ट्या आणि हॉर्न ऐकत. आणि मी एक गोष्ट चालू ठेवली. वर्षाची ज्वारी आली की नीट ऊन द्यायचं, नीट निवू द्यायची, आणि पहिलं माप, लाभाचं, कापडी पिशवीत. दोन पायल्या झाल्या की तोंड बांधून ती दाराआड टांगायची. मेघाला वाटतं हा काहीतरी नवस आहे. दरवर्षी मी ती पिशवी कुठल्या तरी मेंढरांमागच्या बाईला देते आणि विचारते. दरवर्षी उत्तर येतं, "नाय वो, ठाव नाय."

यंदा चैत्रात, सकाळी, गॅलरीतून मेंढरांचा आवाज आला. मी पिशवी घेऊन लिफ्टनं खाली गेले. कळप रस्त्याच्या कडेला थांबला होता, पुढे घोडं, त्याच्यावर बिऱ्हाड. पंचविशीची एक बाई कडेवर पोर घेऊन उभी होती.

"कुठल्या गं तुम्ही?"

"देवगाव रंगारीच्या."

"तुमच्यात धुरपदाबाई म्हणून कुणी होती का? उंच. कपाळावर गोंदलेलं. मोठ्या आवाजाची."

"ती व्हय?" पोरगी हसली. "माझ्या सासऱ्याची आज्जी. मी नाय पाह्यली, लई आधी गेली. पर सासरे सांगत्यात ना. तिनं हाक मारली की घोडं सुदीक थांबायचं."

पन्नास वर्षं मी हे उत्तर मागत होते. पिशवी तेवढी पुढे केली. तिनं गाठ सोडली, आत हात घातला, मूठ गालाला लावली. "चांगली निवलीय," म्हणाली.

मग स्वतःच सांगायला लागली. "पडेगाव आलं की सासरे दरसाल सांगत्यात. इथं एक बाई होती म्हनं, आज्जीची सोबतीन. लई चांगली, माप शिगोशीग द्यायची. पर दुष्काळात तिच्याच घरचं संपलं होतं. आज्जी म्हनायची, तिच्याकडं आसतं तर तिनं दिलं आसतं."

"तुझे सासरे..." मी विचारलं. "ते भावंडांत कितवे?"

"थोरलेच की. दुष्काळ सरल्यावर झाल्याले."

थोरले तेच. म्हणजे पदराखालचं ते लेकरू त्यांच्या मोजणीतही उरलं नव्हतं. त्याच्या भावालाही ते माहीत नसावं. त्याची आईही मागे नसेल तर साऱ्या जगात त्याला बघितलेली, त्याच्या ओठांना लागलेलं ते पाण्याचं बोट आठवणारी, आता मी एकटीच.

"होती," मी म्हणाले.

"काय?"

"ज्वारी होती, बाई. घरात दोन पोती होती. मी तिला खोटं सांगितलं. आणि तिला ते कळलं होतं."

तिनं कडेवरचं पोर या हातावरून त्या हातावर घेतलं. माझ्याकडे नीट बघितलं. रागानं नाही. बाजारात भाव विचारावा तसं विचारलं.

"मंग का वो नाय दिली?"

ह्यांनीही गरम ज्वारीबद्दल असंच 'का?' विचारलं होतं, तेव्हा माझ्याकडे उत्तर होतं. बायका येत होत्या पाण्याहून. ते तोंडापर्यंत आलं आणि मी ओठ मिटले. पुढची मेंढरं मोटारींच्या वाटेत शिरली, कुणीतरी हॉर्नवर हात दाबून धरला, आणि ती "हुर्रर्र" करत पिशवी सांभाळत धावली. उत्तराला थांबली नाही.

मी वर आले. मेघानं दाराआडचा रिकामा खिळा बघितला. "दिलीत का, आई? कुणी सापडलं?" मी मान डोलावली. ती म्हणाली, "चला, मग संपला तुमचा नवस."

मी कपाटातून दुसरी कापडी पिशवी काढली, कोठीजवळ बसले, माप बुडवलं आणि शीग भरून वर काढलं. लाभ म्हणायला तोंड उघडलं. कानात वाजलं ते 'मंग का वो नाय दिली?' मेघा मागे उभी राहून बघत होती, आणि भरलेलं माप माझ्या हातात तसंच राहिलं.